डॉस्पर्ट आणि तिची वैद्यकीय पुरवणी: कामाची प्रश्नावली, पण एक प्रश्न राहिलाच

शस्त्रक्रियेआधी रुग्णांशी बोलणं हे माझं रोजचं काम. ‘नको वाटतं’ हे मी इतक्यांदा ऐकते की त्यामागे नेमकं काय आहे ते शोधायला काहीतरी साधन हवंच होतं. म्हणून मी डॉस्पर्ट ही, माणूस कुठल्या बाबतीत किती धोका पत्करतो ते मोजणारी प्रश्नावली आणि तिला 2012 मध्ये मिळालेली वैद्यकीय पुरवणी हाताशी घेतली. माझं मत आधीच सांगते: जरूर वापरा, पण एक प्रश्न पदरचा घाला.

मूळ प्रश्नावली एल्के वेबर, अ‍ॅन-रेने ब्ले आणि नॅन्सी बेट्झ यांनी 2002 मध्ये मांडली. तेव्हा तिच्यात 40 वाक्यं होती, 2006 च्या सुधारित आवृत्तीत 30 उरली. पैसा, नीती, चारचौघांतलं वागणं, साहसी छंद आणि आरोग्य-सुरक्षितता असे पाच भाग आहेत आणि प्रत्येक वाक्याला 1 (अगदी कमी) ते 7 (खूप जास्त) मधला एक आकडा द्यायचा. पैशाच्या बाबतीत फुंकून फुंकून पावलं टाकणारा माणूस डोंगरकड्यावर बिनधास्त असू शकतो, त्यामुळे सगळ्याला एकच माप लावायचं नाही, ही त्यामागची भूमिका. मला ती शंभर टक्के पटते.

गोची आरोग्याच्या भागात आहे. 2006 च्या आवृत्तीतली वाक्यं बघा: सीटबेल्ट न लावणं, हेल्मेट न घालणं, सनस्क्रीन न लावता उन्हात पडून राहणं, समारंभात खूप दारू पिणं, असुरक्षित संबंध, रात्री धोक्याच्या भागातून एकट्याने घरी येणं. सहाच्या सहा ठिकाणी धोका आहे तो काळजी न घेण्यात. दवाखाना कुठेच नाही! माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा पेच बरोबर उलटा असतो. काळजी घ्यायला तो आलाय आणि त्याला धोका दिसतोय तो इथेच, सुईत, भुलीत, गोळीच्या दुष्परिणामांत. पुरवणीने ही उणीव भरून काढली, कारण तिथले प्रश्न उपचार घेण्यातल्या धोक्याचे आहेत.

या प्रश्नावलीची खरी ताकद मात्र विचारण्याच्या पद्धतीत आहे. एकच वाक्य तीन अंगांनी तपासता येतं: हे तुम्ही कराल का, यात किती धोका वाटतो, यातून किती फायदा होईल असं वाटतं. आम्ही त्याच साच्यात आमचं एक वाक्य बसवलं: ‘पूर्ण भूल घेऊन पित्ताशयाची शस्त्रक्रिया करून घेणं’. एका काकूंनी धोक्याला 7 दिले आणि फायद्याला 6. दुसऱ्या एका गृहस्थांनी धोक्याला 2 आणि फायद्याला 1. दोघांचंही उत्तर ‘नाही’च. त्या गृहस्थांना भुलीच्या सुरक्षिततेबद्दल कितीही सांगितलं तरी ते पालथ्या घड्यावर पाणी, कारण त्यांचा मुद्दाच वेगळा होता: “पोटात दुखायचं थांबलंय, मग काढायचं कशाला?” त्यांना खडे पुन्हा त्रास कसा देतात हे सर्जनने समजावणं गरजेचं होतं.

काकूंना मी विचारलं, “हे सात कशाचे?” मला वाटलं, त्या मरणाचं बोलतील. त्या म्हणाल्या, “सिस्टर, अंगावरचं पांघरूण कुणी काढलं तरी मला कळणार नाही ना.” अशा वेळी मृत्यूचे आकडे सांगून काय उपयोग? आत कोण कोण असेल, अंग किती आणि कधी उघडं करावं लागतं, भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत उशाशी असतात, हे सविस्तर सांगितलं. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी 1987 च्या लेखात हेच मांडलंय: लोकांना वाटणारा धोका फक्त मृत्यूंच्या संख्येवर ठरत नाही, आपल्या हातात काही नसण्याची धास्ती त्यात मोठी असते. सात या आकड्याच्या पोटात काय आहे ते प्रश्नावली विचारत नाही. ते आपणच विचारायचं.

आता उणीव. उपचार घेण्यातला धोका मोजला, न घेण्यातल्या धोक्याचं काय? रिटोव्ह आणि बॅरन या संशोधकांनी 1990 मध्ये लसीचा एक काल्पनिक प्रसंग देऊन लोकांना निर्णय विचारला होता. लसीने होणारे मृत्यू रोगापेक्षा कमी असले तरी अनेकजण लस द्यायला तयार नव्हते. आपल्या हातून काही वाईट होण्यापेक्षा, काही न केल्याने झालेलं माणसाला कमी बोचतं. म्हणून मी खाली एक ओळ वाढवली आहे: ‘ही शस्त्रक्रिया सहा महिने पुढे ढकलणं’, तोच 1 ते 7. या ओळीपाशी बहुतेकांचं पेन थांबतं. तोवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो.

आणखी एक पथ्य. कागद डॉक्टरांशी बोलण्याआधी भरून घ्या. ‘शंभरातले नव्वद वाचतात’ आणि ‘शंभरातले दहा दगावतात’ हे गणिताने एकच, पण फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या उपचाराची निवड अशा मांडणीने बदलते, हे मॅकनील आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्येच दाखवलं, आणि त्यातून डॉक्टरही सुटले नव्हते. नंतर भरलेल्या कागदावर रुग्णाची भीती किती आणि डॉक्टरांच्या बोलण्याची ढब किती, हे वेगळं काढता येत नाही.

तीसच्या तीस वाक्यं आजारी माणसापुढे ठेवू नका, वैद्यकीय भाग पुरे. बेरीज करून फाईलवर ‘घाबरट’ असा शेरा मारलेला मी पाहिलाय, त्याचा मला फार राग येतो. आकडा बोलणं सुरू करायला आहे, शिक्का मारायला नाही. आणि ‘त्यांना काय विचारता, मी सांगतो’ म्हणत मुलाने भरून दिलेला कागद मी बाजूला ठेवते आणि नवा कागद रुग्णाच्याच हातात देते.