बुकिंग खरं, हॉटेल खरं, मेसेज मात्र भामट्याचा

जुन्या वास्तूत थाटलेली, मोजक्या खोल्यांची आणि स्वतःचं रेस्टॉरंट असलेली छोटी हॉटेलं बुक करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. या फसवणुकीत हॉटेल बनावट नसतं आणि बुकिंगही खरं असतं. म्हणूनच सावध माणसंही यात फसतात.

खोली नेहमीच्या बुकिंग साइटवरून घेतलेली असते. मुक्काम जवळ आला की त्याच साइटच्या चॅटमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर हॉटेलच्या नावाने मेसेज येतो. तुमचं नाव, तारखा, बुकिंग क्रमांक, एकूण रक्कम, सगळं तंतोतंत बरोबर. पुढे मजकूर असा: 'तुमच्या कार्डाची पडताळणी झालेली नाही. २४ तासांत करा, नाहीतर खोली आणि रात्रीच्या जेवणाचं टेबल रद्द होईल. कापलेली रक्कम लगेच परत मिळेल.' खाली लिंक.

लिंकवरचं पान मूळ साइटसारखंच दिसतं, तुमचं बुकिंगही तिथे आधीच भरलेलं असतं. कार्ड क्रमांक टाकला की ओटीपी येतो, आणि बँकेच्या मेसेजमध्ये 'पडताळणी' नव्हे, तर मुक्कामाची पूर्ण रक्कम लिहिलेली असते. ती ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत, फक्त आकडे बघून टाकतात. मग 'व्यवहार अडकला, दुसरं कार्ड वापरून पाहा' असं सांगून दुसऱ्यांदा पैसे काढले जातात. प्रत्यक्ष हॉटेलवर पोचल्यावर खोली नावावर असते, पैसे मात्र जमा नसतात. बिल पुन्हा भरावं लागतं.

भामट्याला इतकी नेमकी माहिती मिळते कुठून? बहुतेकदा हॉटेलच्याच संगणकातून. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये असा एक प्रकार उघड केला. त्यात डिसेंबर २०२४ पासून बुकिंग डॉट कॉमच्या नावाने हॉटेलांना खोटे ईमेल जात होते, काहींत पाहुण्याची तक्रार असल्याचा आव होता. लिंक उघडली की खोटा कॅप्चा, आणि 'मी रोबोट नाही' हे सिद्ध करायला विंडोज आणि आर ही बटणं दाबा, कंट्रोल-व्ही करा, एंटर मारा, अशी सूचना. एंटर मारलं की पासवर्ड चोरणारा प्रोग्राम संगणकात शिरतो, आणि हॉटेलचं बुकिंग साइटवरचं खातं भामट्याच्या हाती जाऊ शकतं. छोट्या हॉटेलात रिसेप्शन सांभाळणाराच अनेकदा रेस्टॉरंटची टेबलंही बघत असतो. तक्रारीचा ईमेल दिसला की तो घाईघाईने उघडणारच. त्याला दोष देऊन काही साधत नाही, पण त्याच्या खात्यातून आलेला मेसेज त्यानेच लिहिला असेल, असं मात्र धरू नका.

ओळखायचं कसं? बुकिंगच्या वेळच्या कन्फर्मेशनमध्ये आगाऊ रकमेची अट लिहिलेली असते, ती उघडा. तिथे 'पैसे हॉटेलवर' असेल, तर मध्येच आलेली मागणी खोटी धरून चाला. लिंकचा पत्ता पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतच (/) बघा आणि तो उजवीकडून वाचा. 'हॉटेलचं नाव डॉट अमुक डॉट कॉम' असेल तर मालक 'अमुक' आहे. हॉटेलचं नाव पुढे कुणीही चिकटवू शकतो. खात्री करायला हॉटेलला फोन लावा, पण मेसेजमधल्या किंवा ऑनलाइन नकाशावरच्या नंबरावर नको. नकाशावरचा नंबर बदलण्याची सूचना कुणीही देऊ शकतो. हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा किंवा कन्फर्मेशनमधला नंबर घ्या. फोनवर रात्रीच्या जेवणाचंही विचारून टाका. टेबलासाठी काही हॉटेलं खरोखरच डिपॉझिट घेतात, आणि नेमका तोच धागा भामटे पकडतात.

पैसे गेलेच, तर सगळ्यात आधी कार्ड बंद करा. मग बँकेकडे लेखी तक्रार करून चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत, मागा. ओटीपी टाकलेला असला की 'व्यवहार तुम्हीच मंजूर केला' असं बँक म्हणते. त्यामुळे पुरावा लागतो: मेसेजचा, लिंकच्या पूर्ण पत्त्याचा आणि वेळेचा स्क्रीनशॉट. खोटं पान लवकरच गायब होतं, म्हणून हे त्याच तासात करा. हॉटेललाही फोनवरच कळवा, चॅटवर नको, कारण चॅट भामटाही वाचत असतो आणि तोच मेसेज बाकीच्या पाहुण्यांनाही गेलेला असू शकतो. यानंतर 'थोडी फी भरा, पैसे परत मिळवून देतो' म्हणणारा फोन आला, तर तो बहुधा त्याच टोळीचा असतो. त्याला एक रुपयाही देऊ नका.