ओटीपी कुणाला दिला नाही, लिंक दाबली नाही, तरी ९३,५०० रुपये गेले

आधीच सांगते, मला अक्कल शिकवायला येऊ नका. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, आपला फोन दुसऱ्याच्या हातात देणारं एनीडेस्कसारखं ॲप कुणाच्या सांगण्यावरून टाकायचं नाही, स्टार चारशे एक स्टार लावून पुढे नंबर दाबायचा नाही कारण त्याने आपले कॉल त्या नंबरावर वळतात, हे सगळं मला माहीत होतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या चारशे एकवाल्या कोडचा इशारा मीच टाकला होता. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल फॉरवर्ड करण्याची सोय बंद करायला कंपन्यांना सांगितलं, तेव्हा 'चला, एक कटकट गेली' असंही मी लिहिलं होतं. मला ज्याने फसवलं त्या माणसाने कोड लावायला सांगितला असता तर मी तिथेच फोन आपटला असता.

त्याने कोड सांगितलाच नाही. मला फोनच्या सेटिंगमध्ये नेलं.

मी घरून फराळाच्या आणि मोदकांच्या ऑर्डरी घेते. २०२५ चा ऑगस्ट, गणपतीच्या आधीचा आठवडा. ज्यांच्या घरी ऑर्डरी चालतात त्यांना या आठवड्याचं महत्त्व सांगायला नको. आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी. स्वयंपाकघरात रेंज म्हणजे एक दांडी, तीही पाऊस नसेल तर. गिऱ्हाइकं म्हणायची, ताई तुमचा फोनच लागत नाही. कस्टमर केअरला फोन करून 'एक दाबा, दोन दाबा' करून बोटं दुखली, म्हणून शेवटी कंपनीच्या एका पोस्टखाली मी रागारागाने तक्रार लिहिली. खाली मोबाईल नंबर आणि भागाचं नाव. सगळेच लिहितात तसं. आता कुणी लिहिलेलं दिसलं की मी त्यांना पुसायला सांगते. तुम्हीही पुसा, आत्ता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. स्वच्छ मराठी, अदबशीर. 'ताई, आपण नेटवर्कची तक्रार केली होती ना? टेक्निकल टीममधून बोलतोय.' माझं नाव, भाग, तक्रारीतले शब्द, सगळं त्याच्याकडे होतं. असणारच, मीच जगाला दाखवलं होतं! पण हातात उकड आणि समोर एकवीस-एकवीस मोदकांच्या याद्या असताना हे सुचत नाही. त्यात कंपनीने पहिल्यांदा दखल घेतली म्हणून मला बरंच वाटलं.

खरं सांगते, त्याने आधी जे जे करायला लावलं ते सगळं बरोबर होतं. एअरप्लेन मोड चालू करून बंद करा. नेटवर्क टाइप ५जी ऑटोवर आहे, तुमच्याकडे ५जी धरसोड करतंय, ४जीवर ठेवा. एपीएन रिसेट करा. व्होल्टे चालू आहे का बघा. आणि मग, 'ताई, घरात वाय-फाय आहे ना? मग वाय-फाय कॉलिंग का बंद ठेवलंय?' म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून कॉल. ते चालू केलं आणि त्याने मला दुसऱ्या फोनवरून फोन लावून बघायला सांगितलं. अहो, ओट्यापाशी उभं राहून आवाज खणखणीत! इतकी वर्षं कंपनीच्या एकाही माणसाने मला हे सांगितलं नव्हतं आणि चोराने पाच मिनिटांत सांगितलं. आजही माझे कॉल त्याच सेटिंगवर चालतात. याचा मला जितका संताप येतो तितका पैशांचाही येत नाही.

इथवर आल्यावर कोण शंका घेईल? तुम्ही घेतली असती?

मग तो म्हणाला, वाय-फाय आत्ता आहे, पण लाइट गेले की पुन्हा रेंज जाईल, म्हणून जवळचा टॉवर जोडून देतो. फोनचं ॲप उघडा, वरचे तीन ठिपके, सेटिंग, कॉलिंग अकाउंट्स, तुमचं सिम, कॉल फॉरवर्डिंग. 'कमजोर टॉवरवरचा कॉल जवळच्या टॉवरला फॉरवर्ड होणार, म्हणून तसं नाव आहे.' आत चार ओळी होत्या: नेहमी, बिझी असताना, न उचलल्यास, पोहोचत नसल्यास. त्याने पहिलीवर दाबायला लावलं आणि म्हणाला, टॉवरचा नंबर सांगतो, लिहा.

इथे. मी थांबायला हवं होतं ते इथे. तो नंबर दहा आकडी होता आणि सातने सुरू होत होता. टॉवरचा नंबर कधी दहा आकडी, सातने सुरू होणारा असतो का? मी तो स्वतःच्या बोटाने, पिठाचे हात पुसून, एकेक आकडा वाचत भरला. मनात एकदा आलंही की हा मोबाईल नंबरासारखा दिसतोय. तसं मी म्हणालेसुद्धा! तो हसून म्हणाला, 'ताई, हल्ली सगळे नंबर दहा आकडीच असतात.' आणि मी 'टर्न ऑन' दाबलं. चाक फिरलं. वर दांड्यांशेजारी एक बारीक चिन्ह उगवलं, फोनचा रिसीव्हर आणि त्यातून बाहेर जाणारा बाण. 'आलं ना चिन्ह? म्हणजे टॉवर लागला. आता अर्धा तास फोनला हात लावू नका, सिंक होतंय.'

तो बाण दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर होता. वेळ बघायला फोन उचलायचे तेव्हा घड्याळाच्या ओळीतच दिसायचा. आपल्याला येणारा प्रत्येक कॉल आता दुसरीकडे चाललाय, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि मी तो बघून समाधानाने मोदक वळत होते. तुमच्या फोनवर असं चिन्ह आहे का, आधी बघून या. मग पुढचं वाचा.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. त्याने त्याच्या फोनवर माझ्या नंबराचं व्हॉट्सॲप सुरू करायला घेतलं. कोडचा एसएमएस माझ्याच फोनवर आला, कारण कॉल फॉरवर्डिंगने एसएमएस वळत नाहीत. 'हा कोड कुणालाही सांगू नका' असं त्यात लिहिलेलं. मी नाही सांगितला. मला वाटलं, कुणाचा तरी नंबर चुकला असेल. पण एसएमएस मिळाला नाही म्हटलं की 'फोन करून कोड सांगा' हा पर्याय येतो. तो फोन माझ्याकडे वाजलाच नाही. सरळ त्याच्याकडे गेला.

टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे कोडनंतर व्हॉट्सॲप आणखी विचारतं तो पिन मी लावलेला नव्हता. हो, नव्हता. तुमच्यातल्या किती जणांनी लावलाय ते आधी बघा आणि मग मला बोला. त्याने आत शिरल्याबरोबर स्वतःचा पिन लावला. नंतर मी एसएमएसच्या कोडने परत लॉगिन केलं तेव्हा तो बाहेर फेकला गेला, पण पिन माहीत नसला की सात दिवस थांबावं लागतं. गणपतीच्या आठवड्यात सात दिवस व्हॉट्सॲप नाही. रद्द झालेल्या ऑर्डरींचा हिशेब मी यात धरलेलाच नाही.

माझ्या व्हॉट्सॲपवरून त्याने ओळखीच्यांना पाठवलेला मेसेज असा होता: 'घाऊकवाल्याला पेमेंट करायचंय, माझं यूपीआय अडकलंय, संध्याकाळी देते.' सोबत क्यूआर. गणपतीच्या तोंडावर मोदकवालीने हे लिहिलं तर कुणाला खोटं वाटेल? नणंदेने २५,००० पाठवले. खालच्या मजल्यावरच्या काकांनी ४०,०००, पेन्शनमधले. शाळेतल्या मैत्रिणीने १५,०००, एका जुन्या गिऱ्हाइकाने ८,५०० आणि कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने ५,०००. एकूण ९३,५००.

आणि ही गोष्ट नीट वाचा, कारण यासाठीच मी लिहायला बसले आहे. काकांनी खात्री करायला मला फोन केला होता. नणंदेनेही केला होता. 'पैसे मागितले तर आधी फोन करून विचारा' हे आपण सगळ्यांना सांगतो ना? त्यांनी तेच केलं. पण दोघांचेही फोन त्याच्याकडेच गेले. त्याने कट केले आणि माझ्याच व्हॉट्सॲपवरून लिहिलं, 'दुकानात गर्दी आहे, ऐकू येत नाही, मेसेज करा.' म्हणजे खात्री करायचा रस्ताच त्याच्या खिशात होता. नुसता फोन लावून भागत नाही. व्हिडिओ कॉलवर चेहरा बघा, घरातल्या दुसऱ्याच्या नंबरावर विचारा. आणि काका तर एक जिना चढून आले असते! पण त्यांना मी बोलणार नाही, ते ऐकून घेण्याच्या जागी आता मी आहे.

कळलं ते नवऱ्यामुळे. त्याने दुपारी मला फोन केला तर कुणी पुरुषाने उचलून ठेवून दिला. घरी येऊन माझा फोन हातात घेतला, सेटिंग बघितलं आणि डोक्याला हात लावला. ते फॉरवर्डिंग बंद करण्याआधी त्या नंबराचा स्क्रीनशॉट काढला, हे एक शहाणपणाचं केलं. तुमच्यावर वेळ आली तर आधी स्क्रीनशॉट काढा, मगच बंद करा.

आता साहेब लोकांचं ऐका.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, आम्ही लगेच फोन लावला. तिथे सांगितलं की ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने तक्रार करायची, यूटीआर म्हणजे त्या बँक व्यवहाराच्या नंबरासकट. म्हणजे पाच जणांच्या पाच तक्रारी. काकांना ऑनलाइन काही जमत नाही, नणंद नागपुरात, मैत्रीण लाजून 'जाऊ दे गं' म्हणते. सगळ्यांच्या मागे लागून तक्रारी करवून घेईपर्यंत पैसे तीन खात्यांतून फिरले होते. भाच्याने तेवढी लगेच केली होती, त्या धाग्यावरून एका खात्यात १२,३०० रुपये गोठवले गेले. ते सोडवायला कोर्टाचा हुकूम आणा, असं आम्हाला सांगण्यात आलं.

पोलीस चौकीत मी गेले तर पहिला प्रश्न, 'तुमचे किती गेले?' म्हटलं, माझ्या खात्यातून काहीच गेलं नाही, माझ्या नावाने गेले. 'मग तुम्ही फिर्यादी कशा?' अहो, माझा नंबर, माझा फोटो, माझं नाव वापरलं! माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दलच आहे आणि ६६डी तोतयेगिरीने फसवण्याबद्दल. मी हे छापून नेलं होतं. साहेबांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. नंतर म्हणाले, नणंदेचं नागपूरला करा, ते आमच्या हद्दीत नाही. म्हटलं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. 'मॅडम, वकील आहात का?' नाही हो, मोदक करते. शेवटी एक अर्ज घेतला आणि त्यावर शिक्का मारून दिला. तो एफआयआर नाही. शिक्का मिळाला म्हणून खूश होऊन घरी जाऊ नका, एफआयआरची प्रत मागा. ती फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.

काकांच्या बँकेचं वेगळंच. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी परस्पर पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा नाही. मी मोठ्या आशेने घेऊन गेले. बाई म्हणाल्या, 'हे अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. यांनी स्वतः पिन टाकून स्वतः पाठवलेत.' मुद्दा बिनतोड, मला मान्य आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला उभं ठेवून, मान वर न करता सांगायचा असतो का?

आणि कंपनी! जिच्या रेंजसाठी हे रामायण झालं ती. दुकानात विचारलं, माझे कॉल कुठल्या नंबराला वळवले होते ते लेखी द्या. 'ते फक्त पोलिसांना देतो.' पोलीस म्हणतात, कंपनीकडून आणा. कस्टमर केअरवाली म्हणते, 'फॉरवर्डिंग आपल्याच हँडसेटवरून लागलंय, आमच्याकडून काही चूक नाही.' मी विचारलं, एखाद्याचे सगळेच्या सगळे कॉल दुसरीकडे वळतात तेव्हा तुम्ही ग्राहकाला एक साधा एसएमएस का पाठवत नाही? रिचार्ज संपायला आला की दिवसाला चार येतात! उत्तर आलं, 'आपला अभिप्राय नोंदवला आहे.' त्याच संध्याकाळी मेसेज, आपली नेटवर्कची तक्रार सोडवण्यात आली आहे, आम्हाला पाचपैकी गुण द्या.

*#२१# लावून बघा, कॉल वळवलेत का ते दिसतं. तुमच्या कंपनीत तो चालत नसेल तर मी सांगितलेल्या वाटेने सेटिंगमध्ये जाऊन चारही ओळी बघा, नुसती पहिली नाही. सगळं एकदम काढायचं तर ##००२#. व्हॉट्सॲपचा पिन लावा आणि सोबत ईमेल द्या, नाहीतर पिन विसरलात की पुन्हा तेच सात दिवस. आईवडिलांच्या फोनवर हे तुम्ही स्वतः करून द्या, त्यांना फोनवरून समजावत बसू नका. रेंजसाठी वाय-फाय कॉलिंग चालू करा, पण कुणाचा फोन यायची वाट न बघता. आणि नेटवर्क सुधारून देणारा कुणीही सेटिंगमध्ये नंबर भरायला सांगू लागला तर तो चोर, मग तो कितीही गोड बोलो. असा फोन आला तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर, संशयित फोन कळवायच्या 'चक्षू'मध्ये नोंदवा, पैसे गेले नसतील तरी.

काकांचे ४०,००० मी मोदकांच्या पैशांतून आणि एक आरडी मोडून दिले. मैत्रिणीचे आणि गिऱ्हाइकाचेही दिले. भाचा घेत नाही. नणंदेचे १५,००० दिले, १०,००० राहिलेत, दिवाळीच्या फराळावर देईन असं सांगितलंय. कायद्याने मी देणं लागत नाही, हे मला तीन जणांनी सांगून झालं. पाठवले ते माझं नाव बघून, त्यामुळे ते तीन जण गप्प बसले तर बरं.

कंपनीकडे पहिल्या तक्रारीनंतर अपील करता येतं, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनी अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. मी केलंय. तक्रारीचा डॉकेट नंबर जपून ठेवा, तो नसला की अपील घेतच नाहीत.

त्या दिवशी माझ्या नंबरावरून आणखी कुणाला क्यूआर गेला असेल आणि तुम्ही पैसे पाठवून गप्प बसला असाल, तर मला सांगा. यूटीआर बँकेच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर दाबलं की दिसतो. तो आणि स्क्रीनशॉट घेऊन या, तुमची तक्रार मी स्वतः बसून भरून देते. त्या फॉर्मची आता मला सवय झाली आहे.