‘हस्की अशीच असते’ असं सांगून गळ्यात मारलेली आजारी कुत्री

हस्की, अकिता, बसेंजी यांसारख्या जातीचं ‘रेस्क्यू’ कुत्रं दत्तक घ्यायचा विचार करत असाल तर हे वाचा. देणारा माणूस ‘तीन महिने डॉक्टरकडे नेऊ नका’ म्हणाला, तर व्यवहार तिथंच थांबवा. आम्हाला नेमकं हेच सांगण्यात आलं होतं आणि त्यापायी आमची कुत्री मरता मरता वाचली.

सोशल मीडियावरची पोस्ट अशी होती: दोन वर्षांची हस्की मादी, नसबंदी झालेली, सगळ्या लसी दिलेल्या, मालकानं हायवेवर सोडून दिली, चांगलं घर हवंय. फोटोत करडी-पांढरी कुत्री, एक डोळा निळा आणि दुसरा अर्धा निळा, अर्धा तपकिरी. हस्कीमध्ये असे डोळे असतात, त्यात दोष काही नाही. पण हा अर्धा तपकिरी डोळा लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच सगळं बाहेर आलं.

फोनवरची बाई गोड बोलणारी होती आणि तिला माहितीही होती. तिनं लांबलचक फॉर्म भरून घेतला. घरात माणसं किती, गच्चीला जाळी आहे का, उन्हाळ्यात कुत्रीला एसीच्या खोलीत ठेवणार का, गावाला गेलात तर कोण सांभाळणार. एवढे प्रश्न विचारणारी व्यक्ती कुत्री विकणारी असेल असं कुणाच्या मनात येणार? ‘ही विक्री नाही ताई, दत्तक आहे,’ असं ती दर फोनला म्हणायची. मग ऑपरेशन, लसी आणि बोर्डिंगचा, म्हणजे कुत्री ठेवून सांभाळण्याचा, झालेला खर्च म्हणून बावीस हजार मागितले. यूपीआयवर नाव दुसऱ्याच माणसाचं आलं, तर ‘भावाचं खातं आहे.’ आमचं घर बघायला कुणी आलं नाही. आम्ही तिच्याकडे येतो म्हटलं, तर बाकीच्या कुत्र्यांना अनोळखी माणसांचा ताण येतो. शेवटी खेड शिवापूर टोलनाक्याच्या अलीकडे एका भाड्याच्या गाडीतून कुत्री आमच्या हातात दिली. सोबत लसीकरणाचं पुस्तक आणि एक पट्टा. गाडी लगेच परत फिरली.

ही फसवणूक कशावर उभी होती ते नीट समजून घ्या, कारण असं करणारी ती एकटी नसणार. हस्की ही ईशान्य सैबेरियातल्या चुकची लोकांनी स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढण्यासाठी वाढवलेली जात. 2004 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात 85 जातींच्या कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास आला होता. त्यात बसेंजी, शिबा, अकिता यांच्यासोबत हस्कीही लांडग्याला जवळ असलेल्या जुन्या गटात आली. ही कुत्री आपल्या बुद्धीनं चालतात. हाक मारली की लॅब्राडोर धावत येतो, हस्की आधी तुमच्याकडे बघते, मग यायचं की नाही ते ठरवते. भुंकण्यापेक्षा कोल्हेकुई जास्त. जमीन उकरतात, कुंपण चढून जातात, मांजर दिसलं की सुटतात. आकाराच्या मानानं खाणं कमी असतं. हे सगळं खरं आहे. म्हणूनच त्याच्या आड वाटेल ते लपवता येतं.

कुत्री नावाला ओळख देत नव्हती. मी फोन केला, तर ‘हस्की अशीच असते ताई, स्वतंत्र बाण्याची.’ जेवण अर्धं टाकायची. ‘कमीच खातात या.’ दिवसभर बाथरूमच्या थंड फरशीवर पडून राहायची. ‘थंड प्रदेशातली जात, पुण्याचं ऊन सोसत नाही.’ पाणी मात्र सारखं प्यायची, रात्रीसुद्धा. ‘उष्णता हो, दुसरं काय.’ प्रत्येक उत्तर अर्धं खरं होतं. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘तीन-तीन-तीनचा नियम माहितीय ना? तीन महिने द्या तिला. तोवर दवाखान्यात नेऊन घाबरवू नका.’

हा नियम खराच आहे. दत्तक कुत्र्याला भीती कमी व्हायला तीन दिवस, घराची शिस्त कळायला तीन आठवडे आणि घर आपलं वाटायला तीन महिने लागतात, असं रेस्क्यूची कामं करणारे सांगतात. पण त्यातला एकही जण डॉक्टरला लांब ठेवायला सांगत नाही. उलट कुत्रं घरी आणायच्या आधी दवाखान्यात दाखवा म्हणतात. चांगल्या कामासाठी केलेला नियम या बाईनं आम्हाला दवाखान्यापासून दूर ठेवायला वापरला. मला याचा सर्वांत जास्त राग आहे.

आजार पहिल्यांदा ओळखला सासूबाईंनी. त्यांच्या माहेरी म्हशी होत्या. एका सकाळी त्या म्हणाल्या, ‘अगं, वार अडकलेली म्हैस अशी बसते. हिच्या पोटात काहीतरी आहे.’ त्याच दिवशी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि लगेच सोनोग्राफी केली. गर्भाशय पुवानं भरलेलं. याला पायोमेट्रा म्हणतात. नसबंदी न झालेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांनी हा आजार होऊ शकतो. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येताना दिसतो, बंद असेल तर बाहेरून काहीच कळत नाही आणि आतल्या आत विष भिनत जातं. आमच्या कुत्रीच्या गर्भाशयाचं तोंड बंद होतं. पाणी खूप पिणं, वारंवार लघवी, खाण्यावरून मन उडणं, सुस्ती ही त्याचीच लक्षणं होती. डॉक्टरांनी एक साधं माप सांगितलं, ते घरोघरी माहीत असायला हवं. निरोगी कुत्रं दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिली पाणी पितं. 100 मिलीच्या वर गेलं की तपासणी करायची. वीस किलोच्या कुत्रीसाठी ही मर्यादा दोन लिटर होते. बाटलीनं मोजून भांड्यात ओतलं की झालं, यात जातीचा काही संबंध नाही.

तातडीनं ऑपरेशन करून गर्भाशय काढलं. म्हणजे ‘नसबंदी झालेली’ हे धडधडीत खोटं. लोंबलेल्या आचळांवरून डॉक्टर म्हणाले, हिची एकापेक्षा जास्त वेळा पिल्लं झालेली आहेत. पुढचे दात झिजलेले, त्यावरून वय सहाच्या पुढचं, दोन नव्हे. मायक्रोचिपसाठी, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपसाठी, स्कॅनर फिरवला, चिप नाही. लसीकरणाच्या पुस्तकात तारखा होत्या, पण लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं लेबल एकाही नोंदीपुढे चिकटवलेलं नव्हतं. शिक्क्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नव्हता. रेबीजची लस दिलीच नसावी असं धरून आम्ही सगळ्या लसी पहिल्यापासून सुरू केल्या.

बाकीचं एका मैत्रिणीनं शोधून काढलं. पैसे गेलेल्या खात्याचा मोबाइल नंबर तिनं इंटरनेटवर टाकला, तर पिल्लं विकायच्या जुन्या जाहिराती निघाल्या. ‘हस्की पिल्लं, आई घरचीच, येऊन बघू शकता.’ फोटोत पिल्लांमागे तीच कुत्री, तोच अर्धा तपकिरी डोळा. वेगवेगळ्या वर्षांच्या दोन जाहिराती, दोन वेगळ्या वेतांची पिल्लं. हायवेवर सोडणारा मालक असा कुणी नव्हताच. पिल्लं काढून काढून कुत्री आजारी पडली, उपचाराचा खर्च नको, म्हणून तिच्यावर रेस्क्यूचा शिक्का मारून शेवटचे बावीस हजारही वसूल केले. त्या बाईच्या सोशल मीडिया खात्यावरचे जखमी कुत्र्यांचे फोटोसुद्धा दुसऱ्यांचे उचललेले होते.

मी त्या बाईला हे विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘आम्ही मुक्या जिवाला वाचवलं आणि तुम्ही आमच्यावरच आरोप करता?’ त्यानंतर नंबर बंद.

आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. ऑनलाइन पैसे गेल्यावर जितक्या लवकर हा फोन कराल तितकी रक्कम खात्यात अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त. आमच्या बाबतीत तो वेळ निघून गेला होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीसाठी, पोलिसांकडे लेखी अर्जही दिला आहे. त्याला डॉक्टरांचा अहवाल, जाहिरातींचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयची पावती जोडली. श्वान प्रजनन आणि विक्रीचे 2017 चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार ब्रीडरला, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्याला, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि सहा महिन्यांवरचं कुत्रं नसबंदी केल्याशिवाय विकता येत नाही, अपवाद फक्त दुसऱ्या परवानाधारक ब्रीडरला विकण्याचा. ‘दत्तक’ म्हटलं की हे सगळे नियम टाळता येतात, म्हणून हा शब्द वापरला जातो. म्हणून खर्चाच्या नावाखाली पैसे मागितले तर दवाखान्याची मूळ बिलं मागा. ज्यानं खरंच ऑपरेशन करून घेतलं आहे त्याच्याकडे बिल असतं आणि तो ते आनंदानं दाखवतो. त्या डॉक्टरांना स्वतः फोन करा. कुत्रं घ्यायच्या आधी, देणाऱ्याच्या समोर, तुमच्या डॉक्टरकडे नेऊन तपासणी करू द्या असा आग्रह धरा. नाही म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आमची कुत्री वाचली. आता ती कोल्हेकुई करते, गच्चीतल्या कुंड्या उकरते, हाक मारली की थांबते, बघते आणि मनात असेल तर येते. तिचा खरा हस्की स्वभाव आम्हाला उपचारानंतरच दिसला.

गेल्या आठवड्यात त्याच शब्दांची पोस्ट नव्या नावानं पुन्हा दिसली. मादी, नसबंदी झालेली, हायवेवर सोडलेली, पण यावेळी लाल-पांढरी हस्की. खालच्या प्रतिक्रियांत कुणीतरी ‘आम्ही आजच घेऊन आलो’ असं लिहिलं आहे. मी त्यांना निरोप पाठवला, अजून वाचलेला दिसत नाही. ते तुम्ही असाल किंवा तुमच्या ओळखीचे असतील, तर आजच दवाखान्यात जा आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या.