अजिंठ्याच्या अंधारात: मंद शटर की वाढीव आयएसओ?

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि उजेडही बेताचाच. मग शटर मंद ठेवायचं, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवायचं, की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) चढवायचा?

भित्तिचित्र काही हलत नाही, म्हणून माझं मत मंद शटरला. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स असेल तर हातात साधारण १/५० सेकंद सुरक्षित धरतात; तीन स्टॉपचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय; दर स्टॉपला वेळ दुप्पट) असेल तर १/६ पर्यंत जमतं. कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास सोडता सोडता बटण हळूच दाबा आणि तीन-चार फ्रेम सलग घ्या. पहिली बहुधा बोटाच्या धक्क्याने बिघडते, मधली नीट येते. आयएसओ कमी राहिल्याने रंगांच्या बारीक छटा टिकतात.

आयएसओ ३२०० केला की दाणे दिसू लागतात. पण चित्रासमोर माणसं असतील तर तोच बरा: स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, त्यांची हालचाल नाही; तिच्यासाठी शटर वेगवान लागतं, आणि ते आयएसओ चढवूनच जमतं.