जस्टिनगिटार: घरी गिटार शिकणाऱ्या नवख्यांसाठीच्या अभ्यासक्रमाचे परीक्षण

गिटार घरच्या घरी शिकू इच्छिणाऱ्याला आज धड्यांची उणीव भासत नाही. उणीव भासते ती त्या धड्यांना एका सूत्रात बांधणाऱ्या क्रमाची. एखादे गाणे झटपट शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या चित्रफिती यूट्यूबवर हव्या तितक्या सापडतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा चांगल्याही असतात. परंतु आज ही, उद्या ती अशी वेचणी करत राहणाऱ्याला कित्येक आठवड्यांनंतरही एका कॉर्डवरून (एकदम वाजवायच्या स्वरसमूहावरून) दुसऱ्या कॉर्डवर न अडखळता जाता येत नाही. जस्टिन सँडर्को या गिटारशिक्षकांचा ‘जस्टिनगिटार’ या संकेतस्थळावरील प्रारंभिक अभ्यासक्रम नेमकी हीच उणीव भरून काढतो. सँडर्को मूळचे ऑस्ट्रेलियातील टास्मानियाचे. त्यांनी २००३ साली हे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यावरचे मुख्य धडे आजही विनामूल्य ठेवले आहेत; ज्याला शक्य असेल त्याने देणगी द्यावी, एवढीच अपेक्षा आहे. प्रस्तुत परीक्षण त्यातल्या पहिल्या श्रेणीपुरते, म्हणजे हाती प्रथमच गिटार घेणाऱ्यासाठीच्या धड्यांपुरते मर्यादित असून, पेटीच्या सुरावर गाणी ऐकत मोठ्या झालेल्या मराठी शिकणाऱ्याला ते कितपत उपयोगी पडतात हे पाहण्याचा त्यात प्रयत्न आहे.

या श्रेणीची मांडणी लहान टप्प्यांची आहे. गिटार मांडीवर कशी धरावी, सहा तारा कशा लावाव्यात, कॉर्डची आकृती कशी वाचावी एवढे झाले की डी आणि ए या दोनच कॉर्ड समोर येतात, आणि त्या दोहोंत हात रुळेपर्यंत पुढे जाऊ नये असा आग्रह धरला जातो. त्यानंतर ई, मग मायनर कॉर्ड आणि शेवटी सी व जी, अशा आठ कॉर्डवर ही श्रेणी संपते. अनेक शिकवण्यांत सी आणि जी आधी घेतल्या जातात, कारण त्या असंख्य गाण्यांत लागतात. पण त्या दोन्हींत बोटे बरीच ताणावी लागतात आणि नवख्याचा हात पहिल्याच आठवड्यात दुखावतो. पहिल्या बोटाने, म्हणजे तर्जनीने, सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागणारी एफ तर येथे आणखी पुढे ढकललेली आहे, ते योग्यच झाले, कारण गिटार कोपऱ्यात टेकवून ठेवण्याची वेळ बहुतेकांवर याच कॉर्डपाशी येते.

क्रमामागचा विचार किती बारीक आहे हे पाहायचे असेल तर ए कॉर्डची बोटे पाहावीत. दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरील आडव्या धातूपट्ट्यांनी पाडलेल्या घरांपैकी दुसऱ्यात) चौथी, तिसरी आणि दुसरी तार (तारा बारीक तारेपासून मोजतात) दाबण्यासाठी अनेक पुस्तके अनुक्रमे पहिले, दुसरे आणि तिसरे बोट सुचवतात. सँडर्को मात्र पहिल्या दोन बोटांची अदलाबदल करून चौथ्या तारेवर दुसरे आणि तिसऱ्या तारेवर पहिले बोट ठेवायला लावतात. प्रथमदर्शनी ही अडचणीची, थोडी उलटीपालटी वाटणारी रचना आहे. परंतु डी कॉर्डमध्येही पहिले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरच असते, त्यामुळे ए वरून डी वर जाताना ते बोट उचलावेच लागत नाही आणि उरलेली दोन बोटे त्याच्या आधाराने आपापली जागा शोधतात. ई वर जाताना तेच बोट त्याच तारेवर एक फ्रेट मागे सरकते. तिन्ही कॉर्ड अशा एका बोटाभोवती फिरतात, हे शिकणाऱ्याच्या ध्यानी यायला वेळ लागतो, पण हात ते आधीच शिकलेला असतो.

सरावाच्या पद्धती दोन आहेत आणि दोन्ही कोरड्या आहेत. पहिलीत कॉर्ड धरून एकेक तार स्वतंत्रपणे छेडायची, कोणती बद्द वाजते किंवा खरखरते ते ऐकायचे, बोट फ्रेटच्या अधिक जवळ नेऊन दुरुस्ती करायची, हात पूर्ण सोडायचा आणि पुन्हा तीच कॉर्ड धरायची. दुसरीत घड्याळ लावून एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा अदलाबदल होते ते मोजायचे आणि आकडा लिहून ठेवायचा. मिनिटाला साठ बदल हे तिचे उद्दिष्ट. तीसपर्यंत पोहोचले तरी संथ गाणे वाजवण्याजोगे होते. या दोन्हींना सँडर्को प्रत्येकी काही मिनिटेच देतात आणि उरलेला वेळ ताल व गाणे यांवर घालवायला सांगतात. आपल्याकडे रियाज म्हटला की तासांचा हिशोब डोळ्यांपुढे येतो. येथे अर्ध्या तासाच्या आत रोजचे काम आटोपते, मात्र ते रोज व्हावे लागते. बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत अधिक वेळ बसण्यात तसाही अर्थ नसतो.

मराठी शिकणाऱ्याने या धड्यांत एक जोड स्वतः द्यावी, कारण ती अभ्यासक्रमात कुठेही नाही आणि असण्याची अपेक्षाही नाही. ए हा षड्ज मानला तर डी हा शुद्ध मध्यम आणि ई हा पंचम ठरतो. ए कॉर्डमध्ये सा, ग, प; डी मध्ये म, ध, सा; ई मध्ये प, नी, रे असे स्वर आहेत, म्हणजे पहिल्या तीन कॉर्डमध्ये बिलावल थाटाचे सातही शुद्ध स्वर येऊन जातात. ज्याला गाण्याचे नोटेशन वाचता येते त्याने सम किंवा ठळक आघात कोणत्या स्वरावर येतो ते पाहावे आणि तो स्वर ज्या कॉर्डमध्ये आहे ती वाजवून पाहावी. सा आणि प दोन कॉर्डमध्ये येत असल्याने तिथे कानाने निवड करावी लागेल, पण साध्या चालींच्या बाबतीत हा शोध बहुधा यशस्वी होतो. कोमल गंधाराची चाल असली तर मायनर कॉर्ड आधी आजमावाव्यात. रागदारीच्या अंगाने जाणाऱ्या नाट्यगीताला मात्र या कॉर्ड जाचक ठरतात, आणि तेथे त्या लादू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी जोड पट्टीची. घरातले कोणी गाणारे असेल तर ते ‘काळी पाच’ किंवा ‘काळी एक’ असे सांगेल, ‘ए’ किंवा ‘सी’ असे नव्हे. गिटारच्या मानेवर पहिल्या फ्रेटपाशी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला की ए चा आकार काळी पाच देतो, जी चा आकार काळी चार देतो, सी चा आकार काळी एक देतो आणि डी चा काळी दोन. अशा रीतीने एका साध्या चिमट्याने पेटीच्या पाचांपैकी चार काळ्या पट्ट्या हाती येतात. काळी तीनसाठी कॅपो दुसऱ्या फ्रेटवर नेऊन ई चा आकार घ्यावा. कॅपो फ्रेटला अगदी लागून, त्याच्या मागच्या बाजूस बसवावा आणि लावल्यावर तारा पुन्हा तपासाव्यात, कारण त्याच्या दाबाने सूर किंचित चढतात. जुनी पेटी आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाशी जुळेलच असे नाही. अशा वेळी मोबाइलवरील ट्यूनर बाजूला ठेवून पेटीच्याच सुराला गिटार लावणे शहाणपणाचे.

तालाच्या बाबतीत अभ्यासक्रम भक्कम आहे, पण आपल्या दृष्टीने थोडा एकांगी आहे. तार छेडायची असो वा नसो, उजवा हात लंबकासारखा खाली-वर चालूच राहिला पाहिजे, हा सँडर्को यांचा नियम सोन्यासारखा आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून पाळणाऱ्याचा ठेका पुढे कधी तुटत नाही. तारा छेडण्याचे सुरुवातीचे आकृतिबंध चार ठोक्यांचे असून प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की आठ मात्रा होतात. केरव्यातली गाणी त्यांवर सहज बसतात. परंतु मराठी भावगीतांचा मोठा हिस्सा दादऱ्यात आहे, आणि सहा मात्रांच्या गाण्यावर चार ठोक्यांचा आकृतिबंध वाजवू पाहणारा दुसऱ्याच आवर्तनात घसरतो. यावर उपाय म्हणजे सहाही मात्रांना खालच्या दिशेने हलका आघात द्यावा आणि पहिल्या व चौथ्या मात्रेला वजन ठेवावे. तबल्याचा दादरा मोबाइलवर चालू ठेवून असा सराव केला की हात लवकर सरावतो. तेवढ्यापुरता कोरडा मेट्रोनोम (ठोके मोजून देणारे यंत्र) बाजूला ठेवायला हरकत नाही.

अभ्यासक्रमाची खरी मर्यादा ही की समोरचा माणूस आपला हात पाहू शकत नाही. अंगठा मानेवर फार वर येतो आहे, मनगट मोडल्यासारखे आत वळले आहे, गरजेपेक्षा दुप्पट जोर लावला जातो आहे, ही लक्षणे शिकणाऱ्याला स्वतःला क्वचितच जाणवतात, आणि महिनाभरात ती सवय होऊन बसतात. सँडर्को या चुकांचा उल्लेख करतात, त्यांची कारणेही नीट सांगतात. पण ‘तुम्ही हे करत आहात’ असे कोणीतरी सांगावे लागते. मोबाइल समोर उभा करून स्वतःचा डावा हात चित्रित करणे आणि तो धड्यातल्या हाताशी ताडून पाहणे हा अर्धा उपाय झाला. पुरा उपाय म्हणजे गावातल्या एखाद्या जाणत्या गिटारवादकाला, नियमित शिकवणी न लावता, अधूनमधून हात दाखवून येणे. याखेरीज डाव्या हाताची नखे मुळापासून कापलेली हवीत. हे सांगणे फार क्षुल्लक वाटेल, परंतु बद्द आवाजाची निम्मी गाऱ्हाणी तेथेच मिटतात.

वाद्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण उत्तम धडेही नाठाळ गिटारपुढे हरतात. तारा मानेपासून फार उंच असतील तर नवख्याला आपल्यातच काही कमी आहे असे वाटू लागते. बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखालचे अंतर अडीच-तीन मिलिमीटरच्या आत असावे. त्याहून जास्त असेल तर दुकानातूनच सेटअप, म्हणजे तारांची उंची जुळवणे, करून मागावा, आणि दुकानदार टाळाटाळ करत असेल तर दुसरे दुकान पाहावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगते, वरची फळी किंचित उचलली जाते आणि तारांची उंची आपोआप वाढते. म्हणून त्या महिन्यांत गिटार भिंतीवर उघडी न टांगता खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. नव्याने घेणार असाल तर यामाहाची एफ ३१० ही वर्षानुवर्षे सुचवली जाणारी गिटार आजही योग्यच आहे. तिच्या तारांची वाजती लांबी ६३४ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या गिटारींच्या सुमारे ६५० मिलिमीटरहून थोडी कमी असल्याने ताण जरा हलका पडतो. बोटे फारच नाजूक असतील तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार मऊ लागते, मात्र तिची मान रुंद असते आणि लहान हातांना ती पेलत नाही.

धडे इंग्रजीत आहेत. सँडर्को यांचे उच्चार स्वच्छ आहेत, बोलणे मोकळे, काहीसे गप्पिष्ट. चित्रफितीचा वेग कमी करता येतो आणि कॉर्डच्या आकृत्यांना भाषा लागत नाही, त्यामुळे जेमतेम इंग्रजी समजणाऱ्या आठवी-नववीच्या मुलालाही ते अवघड जाऊ नये. गाणी मात्र बहुतेक सगळी इंग्रजी पॉप आणि रॉक परंपरेतली आहेत. ज्याला ती ऐकण्याची सवय नाही त्याचा उत्साह सरावाच्या गाण्यापाशी येऊन ओसरतो, कारण मूळ चालच कानात नसली तर कॉर्ड कुठे बदलायची याचा अंदाज येत नाही. अशा शिकणाऱ्याने दोन-तीन कॉर्डची परिचित हिंदी किंवा मराठी गाणी निवडून त्याच टप्प्यावर बसवावीत. या अभ्यासक्रमाला जोडून सशुल्क मोबाइल ॲपही आहे, त्यात गाण्याबरोबर कॉर्ड पडद्यावर सरकत जातात. इंग्रजी गाणी आवडणाऱ्यांना ते मौजेचे वाटेल, पण ज्याला घरच्या मैफलीत मराठी गाण्यांना साथ करायची आहे त्याला त्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. तेवढ्या रकमेत एक बरा कॅपो आणि तारांचा नवा संच येतो, आणि संच घेताना सर्वांत बारीक तारेच्या जाडीनुसार ०.०१२ इंचांऐवजी ०.०१० किंवा ०.०११ इंचांचा मागावा, म्हणजे पहिले काही महिने बोटांना त्रास कमी होतो.