चार हीटर प्लगांचं बिल, बदलले दोनच

जानेवारीतली पहाट, मार्केट यार्डात कांदा घेऊन निघालेला जुना चार सिलिंडरचा डिझेल पिकअप. सेल्फ जोरात फिरतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, पण इंजिन पेट घेत नाही. गॅरेजवाल्यानं सांगितलं, ‘हीटर प्लग गेलेत, चावीचा स्विचपण जळालाय.’ हीटर प्लग म्हणजे थंड इंजिन पेट घ्यावं म्हणून प्रत्येक सिलिंडर आतून तापवणारा प्लग. चार प्लग, पूर्ण लॉक सेट आणि मजुरी असं बिल झालं. गाडी सुरू झाली. तीन आठवड्यांत स्विच पुन्हा जळला. उघडून पाहिलं तर मागचे दोन प्लग जुनेच.

स्विच जळाला होता हे खरंच. म्हणून तर बिल पचलं. पण तो का जळाला? एक प्लग साधारण १० ते १५ अँपिअर ओढतो, म्हणजे चार मिळून ४० ते ६०. हा करंट बहुतेक गाड्यांत जाड वायरीनं रिलेतून, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीतून जातो, स्विच फक्त रिलेला इशारा देतो. इथं बिघडलेला रिले काढून वायर थेट स्विचला जोडलेली होती. अशा जोडणीत नवा स्विचही वितळणारच.

प्लग तपासताना आधी चारही प्लगांना जोडणारी वरची पट्टी काढायला लावा. पट्टी तशीच ठेवली तर चारही प्लग एकत्र मोजले जातात आणि त्यांत मेलेला लपतो. १२ व्होल्टचा चांगला प्लग मीटरवर इंजिनच्या बॉडीशी साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. मीटरच्या वायरींचे ०.२-०.३ ओहम त्यातून वजा करायचे. पुढचे प्लग हाताशी असतात, मागचे पंप आणि पाइपांच्या आड. चोरी तिथंच होते. काम देण्याआधी चारही प्लगांवर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे जुना तसाच राहिला तर कळेल.

प्लग काढताना इंजिन कोमट हवं, आटे आदल्या रात्री तेलात भिजवलेले. फिरत नसेल तर जोर नको. फुगलेलं टोक तुटून आत पडलं तर हेड उतरवायची वेळ येते. नवा बसवताना खोक्यावरचा व्होल्टेज वाचा, २४ व्होल्टचा प्लग १२ व्होल्टवर जेमतेम कोमट होतो.

स्विचचं काम बॅटरीची निगेटिव्ह काढूनच. बऱ्याच गाड्यांत चावीचं कुलूप वेगळं आणि मागचा स्विच वेगळा मिळतो. बिलात पूर्ण लॉक सेट आणि हातात जुनीच चावी असेल, तर लॉक बदललेलंच नाही.

आणखी एक. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या कित्येक जुन्या ट्रकांना हीटर प्लग नसतातच, तरी बिलात येतात. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी गाडी सुरू होत नसेल, तर आधी बॅटरी, डिझेल लाइनमधली हवा आणि पंपाचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा खटका) बघायला सांगा. त्या उन्हात प्लगचा दोष क्वचितच असतो.

जुने प्लग मागितले की ‘भंगारात गेले’ म्हणतात. चार प्लग एका मुठीत मावतात, सकाळी काढलेले दुपारपर्यंत भंगारात कसे गेले?