वझीरमत्न फॉन्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

हाफिज आणि सादी या फारसी कवींच्या गझला वेबपानांवर चढवण्याचं काम हातात आहे, त्यासाठी बरेच महिने वझीरमत्न हा फारसी-अरबी लिपीचा फॉन्ट वापरतोय. मोफत आहे, बारीक अक्षरातही नुक्ते (अक्षरांचे ठिपके) स्वच्छ दिसतात आणि सगळी वेट्स, म्हणजे अक्षरांच्या जाड-बारीक छटा, एकाच व्हेरिएबल फाइलमध्ये मिळतात. नस्तालीकची, म्हणजे तिरप्या, लपेटदार सुलेखनाची हौस असेल तर मात्र हा फॉन्ट तुमचा नव्हे. याचं वळण सरळ, पडद्यावर वाचण्याजोगं.

पण फारसी बरोबर 'दिसणं' आणि बरोबर 'असणं' यातला फरक कुठलाच फॉन्ट मिटवत नाही. विंडोज-१२५६ या जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांना संगणकी क्रमांक देण्याच्या पद्धतीत) फारसी 'ये' हे अक्षर नव्हतंच, म्हणून त्या काळातला मजकूर अरबी 'ये' वापरून टाइप झालाय. आजच्या युनिकोडमध्ये दोघांचे क्रमांक वेगळे: अरबी ये ०६४ए, फारसी ०६सीसी. काफ या अक्षराचंही तसंच, अरबी ०६४३ आणि फारसी ०६ए९. शब्दाच्या मध्ये दोन्ही ये हुबेहूब सारखे. शेवटी आला तरच अरबी ये खालच्या दोन नुक्त्यांमुळे ओळखू येतो. परिणाम असा, की 'शीराज' समोर पानावर दिसतंय आणि सर्च म्हणतो, सापडलं नाही! आता सेव्ह करताना आणि सर्चच्या शब्दातही ही दोन्ही अरबी अक्षरं फारसी करून घेतो. सरसकट नाही हं: हाफिजच्या दिवानातली पहिलीच गझल अरबी ओळीने सुरू होते. त्या ओळीला लँग 'एआर' (भाषा अरबी, अशी एचटीएमएलमधली खूण) लावून वगळलंय.

दुसरी भानगड नीम-फासिला, म्हणजे 'अर्धी जागा', युनिकोड २००सी. जोडाक्षर न होता हलन्त दाखवायला आपण देवनागरीत वापरतो तेच न दिसणारं चिन्ह. फारसीत 'मी-रवम'सारख्या क्रियापदात ते लागतं. 'फालतू कॅरेक्टर' काढून टाकणारे एडिटर ते बिनदिक्कत उडवतात, मग 'मी' पुढच्या अक्षराला चिकटतो. त्याऐवजी साधी स्पेस दिली, तर ओळ नेमकी तिथेच तुटते.

पानाला यूटीएफ-८, लँग 'एफए' (भाषा फारसी) आणि डिर 'आरटीएल' (दिशा उजवीकडून डावीकडे) हे तर हवंच. मधे मराठी किंवा रोमन नाव आलं तर ते बीडीआय टॅगमध्ये घाला, नाहीतर कंस उलटेपालटे होतात. आकडे युनिकोडमधल्या ०६एफ० पासूनचे, म्हणजे फारसी घ्या. अरबी संचातले ४, ५, ६ वेगळे दिसतात. थीमने शीर्षकांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलं असेल तर शून्य करा, कारण जोडलेली अक्षरं सुटी होतात. लाइन-हाइट (ओळीची उंची) मी १.८ ठेवलीय, त्याखाली ओळी दाटतात.